पुजलेला टीव्ही

"आत्याबाई, टीव्हीला नको!"

हातातलं उलथणं तसंच घेऊन मी स्वयंपाकघरातनं धावत आले, पण उशीर झाला होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, टीव्हीच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं ओढलीसुद्धा होती. वर झेंडूचा हार झुलत होता. आणि आता त्या रिमोट पाटावर ठेवून त्याला कुंकू लावत होत्या. नुसतं टेकवत नव्हत्या हो! पाण्यात कालवलेलं ओलं कुंकू, मधल्या गोल बटणावर अंगठ्यानं दाबून.

"अहो बटणावर कशाला?"

"मग कुठं लावू? कपाळ तेच दिसतंय की त्याचं."

मी कपाळाला हात लावला. माझ्या स्वतःच्या.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमचं घर विट्याचं, यंत्रमागावर जगणारं. वर्षभर घरामागच्या कारखान्यात मागांचा खडखडाट असा चालायचा, की आम्ही चोथ्यांच्या घरातली माणसं साधं बोललो तरी पाहुण्यांना वाटायचं भांडणं लागलीत. खंडेनवमीला मात्र सगळं बंद. माग पुसायचे, पुजायचे, नारळ फोडायचा, आणि पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. एके वर्षी ऑर्डरची घाई म्हणून मामंजींनी खंडेनवमीलाच माग चालू केला आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावली. तेव्हापासून आत्याबाईंचा नेम म्हणजे दगडावरची रेघ. मागाची मोटर, शिलाई मशीन, मिक्सर, ह्यांची मोटरसायकल, जे जे म्हणून बटणावर चालतं ते सगळं त्या पुजायच्या. टीव्ही गेल्या दिवाळीला आलेला. त्याची ही पहिलीच खंडेनवमी, आणि तो त्यांच्या डोक्यातनं निसटेल हा माझा अंदाज साफ चुकला.

"आता उद्यापतोर ह्याला हात लावायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसून उठल्या.

हात लावायचा नाही! आणि दुपारी बारा वाजता त्याच टीव्हीवर त्यांची लेक दिसायची होती.

शालनवन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. सासरी नांदण्यात काही राम नव्हता, म्हणून तरणेपणीच माहेरी परत आल्या आणि मागावर उभ्या राहिल्या. सुतानं भरलेला बीम, म्हणजे तो जडशीळ लोखंडी रूळ, मागावर चढवायचा असला, की एका टोकाला दोन गडी लागायचे आणि दुसऱ्या टोकाला एकट्या शालनवन्सं. सांगलीच्या एका व्यायामशाळेतल्या बाईंनी ते बघितलं आणि त्यांना वजनं उचलायच्या खेळात ओढलं. तालुका झाला, जिल्हा झाला, पेपरात फोटो आला. आणि त्या फोटोनंच घात केला.

"चाळिशीची बाई असल्या आखूड कापडात चारचौघांत लोखंड उचलती," आत्याबाई कडाडल्या होत्या. "बाप असता तर मान खाली घातली असती."

"बाप असता तर टाळ्या वाजवल्या असत्या," वन्सं म्हणाल्या, बॅग भरली आणि सांगलीला निघून गेल्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची ही गोष्ट. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. घरात वन्संचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही. मी चोरून फोन करायची, तेवढंच.

आणि आता वन्सं ताश्कंदला होत्या. आशिया खंडाच्या स्पर्धेत, चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात. आदल्या दिवशी त्यांनी फोन केला होता. "वैनी, टीव्हीवर एक अ‍ॅप घ्यावं लागंल, त्याचं नाव धाडते. त्याच्यावर लाइव्ह दिसंल. आईला दाव. मोबाइलवर तिला दिसायचं न्हाई, डोळ्यात फूल पडलंय तिच्या. टीव्हीवर मोठं दाव." मग जरा थांबून म्हणाल्या, "ही माझी शेवटची खेप. आईनंच बघायचं न्हाई म्हटल्यावर उचलून तरी कुणाला दावू? परत आले की सोडून देते सगळं."

मी फोन ठेवला. म्हटलं, आत्याबाईंना दाखवीन तर नावाची वैजयंता!

बेत असा होता, की सकाळी आत्याबाई कारखान्यात पूजेला गेल्या की गुपचूप अ‍ॅप घ्यायचं, आणि बारा वाजता काहीतरी निमित्तानं त्यांना समोर बसवायचं. पण ह्या बाईंनी पूजेची सुरुवातच टीव्हीपासून केली.

मी कारखान्यात ह्यांना गाठलं. हे मागांना हार घालत होते.

"अहो, आत्याबाईंनी टीव्ही पुजला!"

"मग? गेल्या साली फ्रीज पुजलावता. आपण दोन दिवस कोमट पाणी पेलो."

"अहो, आज वन्संची स्पर्धा नव्हं का! बारा वाजता!"

ह्यांच्या हातातला हार खाली आला. बहिणीवर जीव होता ह्यांचा, पण आईपुढं ह्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. "तू बोल की आईसंगं," म्हणाले.

"मी? आई कुणाची?"

"तुझं तोंड चालतं."

हे मात्र खरं होतं. गप्प बसणाऱ्यातली मी कधीच नव्हते.

परत घरात आले. आत्याबाई मिक्सरला हळद लावत होत्या. साडेअकरा होत आले होते. लांबण लावायला वेळच नव्हता, मी सरळ बोलून टाकलं.

"आत्याबाई, आज शालनवन्संचा नंबर हाय. परदेशात. टीव्हीवर दिसणार हाईत त्या."

घरात कित्येक महिन्यांनी ते नाव उच्चारलं गेलं. माग बंद, त्यामुळं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. आत्याबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली.

"आज?" त्यांनी विचारलं.

"आज. बारा वाजता."

त्या उठल्या आणि आत देवघरात गेल्या. मी म्हटलं, संपलं. आता दार लावून माळ ओढत बसतील. हे दारातनं डोकावून बघत होते, तेही हळूच माघारी फिरायला लागले.

तोवर आत्याबाई बाहेर आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात अक्षता. टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, अक्षता टाकल्या, आणि दोन्ही हातांनी टीव्ही धरून वीतभर बाजूला सरकवला.

"हे काय, आत्याबाई?"

"उत्तरपूजा केली. देव मोकळा झाला." त्यांनी हार काढून ह्यांच्या गळ्यात टाकला, कारण हे समोर आडवे आले होते. "माग माणसाची बोटं खातो. हे डबडं काय खाणार हाय? लाव."

मला नाचावंसं वाटलं! मी पाटावरचा रिमोट उचलला, टीव्ही चालू केला, बोलायचं बटण दाबून अ‍ॅपचं नाव सांगितलं. सापडलं! हे चित्र, हे नाव, अगदी वन्संनी धाडलं तेच. आता फक्त 'घ्या' म्हणायचं. मी मधलं बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. बटण आत जायचंच नाव घेईना. आत्याबाईंचं ओलं कुंकू फटीत जाऊन बसलं होतं आणि वाळून दगड झालं होतं.

"बघा! लावा कपाळाला कुंकू!" मी म्हटलं.

"सवाष्णीचं लक्षण हाय ते," आत्याबाई म्हणाल्या, पण आवाज जरा पडला होता. त्यांनी आपल्या पोलक्याची सेफ्टी पिन काढून पुढं केली. मी आणि हे रिमोटवर वाकलो. मी खरवडायची, हे फुंकर मारायचे. कुंकू ह्यांच्या नाकावर, माझ्या गालावर. घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. शेवटी बटण टक् करून आत गेलं. तो टक् मला मागावर येरझाऱ्या घालणाऱ्या धोट्याच्या आवाजापेक्षा गोड वाटला.

आणि पडद्यावर पाटी आली. जागा शिल्लक नाही. आधी काही अ‍ॅप काढून टाका.

"जागा न्हाई म्हंजे?" हे म्हणाले. "एवढा मोठा टीव्ही हाय की!"

"अहो, बाहेरनं मोठा. आतली जागा वेगळी असती. घरात सामान भरलं की पाहुण्याला जागा उरत न्हाई, तसं." मी अ‍ॅपची यादी उघडली. आणि बघतच राहिले.

आम्ही स्वतः घेतलेली अ‍ॅप हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. ही तर रांगच लागली होती, खाली खाली सरकतच होती. आणि कसली कसली! घरच्या घरी व्यायाम. योगासनं. पोटाची चरबी उतरवा. कुस्ती. लोखंडी गोळे घेऊन कवायत करणाऱ्या गोऱ्यापान बायका. परदेशी खेळांची तर किती तरी.

मी हळूच मान वळवून ह्यांच्याकडं बघितलं.

"काय हो? ही कुणाची शाळा?"

"मला काय म्हाईत!"

"मला काय म्हाईत कसं? घरात रिमोट दोघांच्याच हातात असतो. मी तर चरबी उतरवा म्हटलेलं न्हाई. दुपारी सूत आणायला जातो म्हणता आणि इथं गोऱ्या बायांची कवायत बघता व्हय?"

"आगं, देवाशप्पथ..." ह्यांचे कान लाल झाले. गळ्यात झेंडूचा हार, नाकावर कुंकू, आणि तोंड दसऱ्याच्या बोकडासारखं. "मी बघत न्हाई. तूच घेतली असशील. परवा म्हणत होतीस, अंग सुटलंय म्हणून!"

"माझं अंग काढू नका!"

"मग माझं नाव काढू नको!"

"वसंता," मागनं आवाज आला. "तिच्यावर वरडू नगं. आणि तू बी त्याला बोलू नगं, वैजंता. मी घातलीत ती."

आम्ही दोघंही मागं वळलो. आत्याबाई! 'त्या डबड्याला मी बोट लावायची न्हाई' असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणाऱ्या आत्याबाई!

"तुम्ही?"

त्यांनी माझ्या हातातनं रिमोट घेतला. बघितलंसुद्धा नाही, अंगठा बरोबर बोलायच्या बटणावर गेला. तोंडाशी रिमोट धरला आणि देवळात नवस बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "शालन चोथे. वजन उचलती ती. दाव."

टीव्हीनं जरा विचार केला आणि कसलंसं व्यायामाचं अ‍ॅप पुढं केलं. घेऊ का?

"हे असंच करतंय बघ," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी कारखान्यात असता तवा मागाच्या आवाजात काय ऐकू जात न्हाई. मी रोज इच्यारायची. ते म्हणायचं, हे घेऊ का? मी म्हणायची, घे बाबा, ह्यात असंल. त्यात नसायची. दुसऱ्या दिवशी परत इच्यारायची. ते दुसरं द्यायचं. एवढ्या बाया बघितल्या, आपली कशात घावली न्हाई."

हे खालीच बसले. मी ती यादी परत वरपासून खालपर्यंत बघितली. सगळा टीव्ही काठोकाठ भरला होता त्या आईनं, लेक शोधता शोधता. आणि लेक तिकडं म्हणत होती, आई बघत न्हाई.

"नुसतं बघत काय बसलीस?" आत्याबाईंनीच मला हलवलं. "काढ की ती! आता खरं घावलंय न्हवं?"

मग काय विचारता! मी काढायला लागले. चरबी उतरवा, गेलं. कुस्ती, गेलं. योगासनं, गेलं. हे शेजारी उभं राहून, "हे बी काढ, हे बी काढ," म्हणून ओरडत होते, घरात साप निघाल्यावर काठी दाखवतात तसे. एका अ‍ॅपवर मात्र आत्याबाईंनी माझा हात धरला.

"ही बया ऱ्हाऊ दे."

चित्रात एक धिप्पाड बाई पाठमोरी उभी होती, पुढ्यात लोखंडी दांडी.

"ही रोज शिकवती. हिची बोली कळत न्हाई, पण करून दावती. पाठनं शालनवाणी दिसती."

"बरं, राहू दे. पण अजून जागा कमी पडतीय हो आत्याबाई! आता दोनच मोठी उरलीत. ही बाई, आणि तुमचं देवीचं लाइव्ह दर्शन."

नवरात्राचा नववा दिवस. घरात घट बसलेला. आठ दिवस मी पहाटे त्या अ‍ॅपवर देवीची पूजा लावून द्यायची, आणि ती बघितल्याशिवाय आत्याबाई चहाला तोंड लावत नव्हत्या.

त्यांनी एकदा हात जोडले. "देवीचं काढ. ती रुसायची न्हाई."

मी काढलं. आणि नवं अ‍ॅप उतरायला लागलं! पट्टी हळूहळू भरत होती. हे आपला मोबाइल खिडकीच्या गजाला लावून उभे, कारण घरचं वायफाय नेमकं बंद पडलं होतं, इंटरनेट त्यांच्याच मोबाइलवरनं येत होतं आणि रेंज तिथंच चांगली.

"हलू नका!" मी ओरडले.

"नाक खाजतंय!"

"खाजू दे!"

पट्टी भरली. अ‍ॅप उघडलं. फोन नंबर मागितला, दिला. मोबाइलवर आकडे आले. हे खिडकीतनं आकडे ओरडून सांगतायत, मी ते एकेक दाबतेय, आत्याबाई "तीन म्हणाला तो, तीन!" म्हणून माझ्या कानात सांगतायत. आणि एकदम पडदा उजळला. मोठा हॉल, निळा चौथरा, मधे लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना चकत्या. कुणीतरी परदेशी बाई उचलत होती. मग खाली नावांची ओळ आली. इंग्रजीत होती, मी मोठ्यानं वाचली, "शालन चोथे, इंडिया!"

वन्सं चौथऱ्यावर आल्या. लाल पोशाख, कमरेला रुंद पट्टा, केस घट्ट आवळलेले. आत्याबाई टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या, की काचेवरचं हळदकुंकू त्यांच्या कपाळाला लागेल असं वाटलं.

"वाळली की गं," एवढंच म्हणाल्या.

दांडी जमिनीवरनं उचलून ताठ उभं राहायचं, आणि त्याच्या तीनच खेपा. पहिल्या खेपेला वन्संनी दांडी सहज उचलली. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. मी आणि ह्यांनी अशी बोंब मारली, की शेजारच्या मंडळींना वाटलं घरात कुणी पडलं, ती पळत आली, आणि तीही टीव्हीपुढं उभी राहिली. हे खिडकीपाशीच, मोबाइल धरून, मान वाकडी करकरून बघत होते.

दुसऱ्या खेपेला चकत्या वाढवल्या. वन्सं वाकल्या, दांडी हलली, गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच अडली. हात थरथरायला लागले. दांडी धाडकन खाली. लाल दिवे.

"अरारारा!" सगळं घर हळहळलं. वन्संनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मला दिसलं, त्या ओठ चावत होत्या. माझं मनगट आत्याबाईंच्या मुठीत होतं आणि काकणं रुतत होती.

तिसरी खेप. शेवटची. तेवढंच वजन. पडद्यावर मधेच ते गोल चक्र फिरायला लागलं आणि माझा जीव टांगणीला लागला. "अहो, मोबाइल वर धरा! वर!" हे खुर्चीवर चढले. चक्र थांबलं. वन्सं दांडीवर वाकल्या होत्या. एक श्वास. दांडी उठली, नडगीवरनं गुडघ्यावर, गुडघ्यावरनं मांडीवर... थांबली... आणि ताठ! वन्सं ताठ उभ्या! तोंड लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि पांढरे दिवे, एक, दोन, तीन!

हे खुर्चीवरनं उडी मारून खाली आले आणि इंटरनेट गेलं. जाऊ दे! आम्ही बघितलं होतं. मी रडत होते, हसत होते, कुणाच्याही गळ्यात पडत होते. शेजारणीनं पूजेचा नारळ उचलून तिथंच फोडला. आत्याबाई मात्र रिमोट छातीशी धरून काळ्या पडद्याकडं बघत उभ्या होत्या.

थोड्या वेळानं माझा मोबाइल वाजला. वन्सं!

"वैनी, तिसरा नंबर आला," त्यांचा श्वास अजून लागत होता. "मेडल मिळालं." मग हळूच विचारलं, "आईनं..."

पुढचं त्यांना विचारवेना. मी तोंड उघडलं, तोवर आत्याबाईंनी माझ्या हातातनं मोबाइल काढून घेतला. आत्याबाईंनी मोबाइल कानाला लावला, आवाज मोठाच होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शालन."

त्यांनी रिमोट काखेत मारला.

"दुसऱ्या खेपेला पाठ का वाकीवलीस?"

"आई?" वन्सं म्हणाल्या.

"आदी छाती वर काढायची, मग पाय रेटायचे. दांडी नडगीला घासून वर आली पायजे. तुझी लांबनं आली, म्हणून गुडघ्यावर अडली." आत्याबाईंचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. "पायात ताकद हाय तुझ्या. बीम उचलायचीस तवापासनं हाय. पाठीवर कशाला घेतीस भार?"

बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. चांगलं हमसून रडणं, लहान पोरीसारखं. आत्याबाईंनी मधे तोंड घातलं नाही, रडू दिलं. मग वन्संनी नाक ओढलं.

"व्हय आई," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला सरळ ठेवते."